काटा आमच्यासमोर लावा: गावची हवा मोजायला येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या गावांत लेझरची यंत्रं घेऊन हवा मोजायला येणारे संशोधक, प्राध्यापक, विद्यार्थी आणि अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पत्र त्या एका गावाची तक्रार होऊन बसतं आणि फायलीत जातं. आमच्या एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या उघड्या खाणी, लांबवर धुराडी. मधल्या जागेत कापूस, तूर, सोयाबीन आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात येणाऱ्या दुधाच्या कॅना.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तुमच्यापैकी काही जण आमच्याकडे येऊन गेले. कोणत्या संस्थेचे, ते सांगायची गरज नाही; माणसं चांगली होती. गाडी साडेअकराला आली. चहा झाला. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर तिपाई लागली, तिच्यावर सुटकेसएवढी पांढरी पेटी. "आत लेझर आहे, डोळा लावू नका," असं पोरांना दटावून झालं. लॅपटॉपवर एक हिरवी रेघ सरकत होती, जवळजवळ सपाट. साडेतीनला तिपाई मिटली. निघताना एक साहेब खुशीत म्हणाले, "हवा चांगली आहे हो तुमच्या गावची!" खाली पारावर बसलेले एक आजोबा पुटपुटले, "दुपारी तं चांगलीच राह्यते. पहाटं या म्हणा."

आजोबांचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलं नाही, म्हणून हे पत्र.

पहाट म्हणजे काय ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत मी पाचला केंद्र उघडते. वारा पडलेला असतो. नाल्याच्या अंगाला धूर असा पसरलेला असतो की जणू कुणी चादर अंथरली. वरचं टोक सरळ कापल्यासारखं, साधारण छपरावरच्या कवेलूंच्या उंचीवर. टॉर्च मारला की झोताची काठी दिसते. वास ओल्या काडेपेटीची काडी ओढल्यासारखा, आणि जिभेवर काहीतरी आंबट. रानडुकरं आणि रोही वावरात शिरू नयेत म्हणून जागलीला गेलेली माणसं याच वेळी परत येतात, डोळे चोळत. त्यांना विचारा, ते वेळ सांगतील: तीननंतर सुरू होतं, सूर्य वर आला की विरतं. काही दिवशी मात्र साडेआठ-नऊला, चांगलं ऊन पडलेलं असताना, पुन्हा एकदा झोंबतं. ते कुणाच्याच हिशेबात बसत नव्हतं.

तुमच्या त्या चमूत एक विद्यार्थी होता. बाकीचे जेवायला सरपंचांकडे गेले तेव्हा तो माझ्या केंद्रातल्या बाजेवर बसला आणि दुधाच्या पावतीच्या मागे चित्रं काढून मला दीड तास शिकवलं. या पत्रातलं निम्मं शहाणपण त्याचं. उरलेलं मी नंतर वाचलं. त्याने सांगितलं की दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि धूर, वायू सगळं वरच्या हवेत मिसळून पातळ होतं. रात्री उलट. जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा तिच्याबरोबर गार आणि जड होते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाखाली जे निघेल ते तिथंच साठतं: धुमसणारे कोळशाचे ढीग, वीटभट्ट्या, चुली, धुऱ्यावर पेटवलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. जड गार हवा पाण्यासारखी उताराला लागते, म्हणून नाल्याकाठच्या घरांना जास्त त्रास.

आणि नऊ वाजताचं कोडंही त्यानेच सोडवलं. मोठ्या वीजसंचांची धुराडी आपल्याकडे 275 मीटरपर्यंत उंच असतात. रात्री त्यांचा धूर त्या झाकणाच्या वर, आमच्या डोक्यावरून, रेघ ओढल्यासारखा निघून जातो. सकाळी ऊन पडलं की जमिनीकडून हवा ढवळली जायला लागते, ढवळण वर चढत चढत त्या धुराच्या थरापर्यंत पोचतं आणि वरचा धूर थोड्या वेळासाठी थेट खाली येतो. म्हणजे पहाटेचा वास बहुधा जवळच्या, जमिनीवरच्या धुराचा. नऊचा वास लांबच्या, उंच धुराड्याचा असू शकतो. कोण काय सोडतं याचा अर्धा पुरावा घड्याळातच आहे. आणि तुमची गाडी साडेअकराला आली.

कास्तकाराला हे नवीन नाही. कापूस खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की दर कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. तोच कापूस सकाळी दवात मीटरला लावला तर एक आकडा, दुपारी उन्हं खाल्ल्यावर लावला तर दुसरा. म्हणून शहाणा माणूस गाडी बाराच्या आधी काट्यावर नेत नाही. आमच्या हवेची गाडी तुम्ही नेमकी बारालाच काट्यावर नेली. ती पास होणारच होती.

यंत्रावर माझा राग नाही. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. प्रत्येक वायू प्रकाशातला आपापला ठरलेला रंग, म्हणजे ठरलेल्या लांबीची लहर, गिळतो; मिथेन 1.65 मायक्रोमीटरच्या आसपास, अमोनिया 1.5 च्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड 4.6 ला, कोळशाच्या धुरातला, काडीच्या वासाचा सल्फर डायऑक्साइड 7.4 ला. यातलं काहीच आपल्या डोळ्याला दिसत नाही. लेझरला दिलेला विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त केला की त्याचा रंग केसभर सरकतो. असा तो त्या ठरलेल्या रंगावरून सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे फिरवायचा आणि पलीकडे किती प्रकाश पोचला ते बघायचं. जिथं खड्डा पडला तिथं वायू आहे, खड्डा जितका खोल तितका वायू जास्त. पेटी हातभर लांब, पण आतल्या दोन आरशांत प्रकाश इतक्या वेळा आपटतो की त्याची वाट दहा-दहा मीटरांत मोजावी लागते. लांब लहरींचे रंग गिळणारे वायू पकडणारे लेझर तर 1994 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिल्यांदा चालले, म्हणजे माझ्या पिढीतलीच गोष्ट. आणि डेअरीच्या मोठ्या लॅबमधलं दुधाचं यंत्र हीच युक्ती करतं: अवरक्त प्रकाश दुधातून सोडायचा आणि फॅटने किती खाल्ला, प्रथिनांनी किती खाल्ला ते बघायचं. माझ्याकडचं छोटं यंत्र आवाजाच्या लहरींवर चालतं, पण बहीण-भाऊच.

त्या पोराला मी विचारलं होतं, एवढ्याशा पेटीला कितीसं कळतं? तो म्हणाला, अब्जात एक. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. दुधाचा टँकर दहा हजार लिटरचा. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर पाच टँकरांत मिळून अब्ज थेंब. पाच टँकरांत एक थेंब! सल्फर डायऑक्साइडची आपल्या देशातली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबात ते पाच टँकरांत तीसेक थेंब होतात. एवढ्याशा थेंबांवर माझ्या दारातल्या म्हाताऱ्यांचा दम ठरतो.

आता ही चोवीस तासांची मर्यादा बघा. समजा पहाटे दोन तास हवेत 400 होतं आणि उरलेले बावीस तास 20. सरासरी निघते 52. कागदावर हवा पास. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत सल्फर डायऑक्साइडसाठी तासाभराची मर्यादाच नाही. वार्षिक आहे आणि चोवीस तासांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र या वायूला दहा मिनिटांची मर्यादा दिली आहे, 500 मायक्रोग्रॅमची, कारण दम्याच्या माणसाला दहा मिनिटंही पुरतात. दर सेकंदाला आकडा देणारं यंत्र तुमच्या हातात आहे. त्याची खरी करामत तीच, की ते सरासरीच्या पोटातली पहाट बाहेर काढू शकतं. ते दुपारी चार तास लावणं म्हणजे रेसचा बैल पोळ्याला सजवून परत बांधण्यासारखं.

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. माझ्या धंद्यात माप आणि विश्वास यांचं नातं मी रोज बघते. दूध घालणारा माणूस फॅटच्या आकड्यावर चिडतो तेव्हा तो आकड्यावर चिडलेला नसतो, आकडा आपल्या पाठीमागे लागला यावर चिडलेला असतो. म्हणून माझ्या केंद्रात एक नियम आहे. यंत्राचं तोंड खिडकीकडे. नमुना त्याच्याच कॅनमधून, त्याच्यासमोर ढवळून. आकडा त्याला दिसला पाहिजे, पावती त्याच्या हातात पडली पाहिजे. कुणी म्हणालं "ताई, पुन्हा लावा," तर पुन्हा लावायचं, कुरकुर न करता. रोज सकाळी पहिली कॅन यायच्या आधी मी यंत्र स्वच्छ पाण्यावर तपासते. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर आकडा खोटा येतो हे आता गावातल्या पोरांनाही माहीत आहे. एकदा तर एका आजीनेच मला सांगितलं, "बुडबुडा हाय बाई, दुसऱ्यांदा लाव." एवढं केल्यावर 3.5 चा फॅट 3.2 आला तरी माणूस घरी जातो, भांडत नाही.

तुमचं यंत्र गच्चीवर होतं. आकडे तुमच्याकडे होते. मी मागितले तेव्हा "प्रोसेस करून पाठवतो" असं उत्तर मिळालं. दोन हिवाळे गेले.

हवेचा 1981 चा कायदा वाचताना मला एक कलम सापडलं, 26 वं. कारखान्याच्या धुराड्यातल्या हवेचा नमुना घ्यायचा असेल तर मालकाला किंवा त्याच्या माणसाला आधी नोटीस द्यायची, नमुना त्याच्यासमोर घ्यायचा, डब्याला सील लावायचं आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. रास्त आहे. ज्याच्यावर आरोप येऊ शकतो त्याच्यासमोरच माप व्हावं. पण ती हवा जो नाकाने ओढतो त्याच्यासमोर माप व्हावं, त्याचीही सही असावी, असं कुठलंच कलम मला सापडलं नाही. धुराड्याला साक्षीदार आहे, नाकाला नाही. 2019 चा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम बघितला तर तो शहरांसाठी. आपल्या बाजूची चंद्रपूर, नागपूर, अमरावती, अकोला त्या यादीत आहेत. 2009 मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरचा आकडा 83.88 आला, प्रदूषणात देशात चौथा. शहराच्या नावावर आकडा आहे. त्याच धुराड्यांच्या सावलीतल्या गावांच्या नावावर काहीच नाही. हे तुम्ही बदलू शकता, आणि त्याला संसदेची गरज नाही. एक नोंदवही आणि एक रात्र पुरते.

तर विनंती अशी. या, पण कार्तिकानंतर आणि होळीच्या आधी या, आणि रात्र काढायला या. पेटी गच्चीवर लावू नका. गच्चीवर आम्ही राहत नाही. ती बाजेच्या उंचीवर लावा, नाल्याकाठच्या शेवटच्या घराच्या ओसरीत. दुसरी असेल तर वावराच्या धुऱ्यावर, जागलीच्या माळ्याखाली. सोबत वारा मोजणारी फिरकी हवीच, कारण वास कुठून आला हे न कळता नुसता आकडा घेऊन भांडण तेवढं होतं. आल्या आल्या यंत्र माहीत असलेल्या वायूच्या सिलिंडरवर तपासता ना, ते चावडीसमोर तपासा. पोरांना दाखवा की सिलिंडरवर जे लिहिलंय तेच पडद्यावर येतं. सकाळी निघण्याआधी आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, मिनिटा-मिनिटाचे नकोत, तासा-तासाचे पुरे, मराठीत, आणि कच्चे असतील तर "कच्चे" असं लिहून. आम्हाला कच्चा माल समजतो. कापूस कच्चाच विकतो आम्ही.

यंत्राला काय कळत नाही तेही त्याच फळ्यावर लिहा. ज्या वायूच्या रंगावर लेझर लावलाय तोच त्याला दिसतो, शेजारून दुसरा गेला तर तो आंधळा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. तेव्हापासून इथं कुणीही हवेचं यंत्र आणलं की बायका पहिल्यांदा विचारतात, "औषधाचं इख कळते का ह्याच्यात?" मिथेनवर लावलेल्या पेटीला ते कळत नाही. हे तोंडाने स्पष्ट सांगितलं नाही तर हिरवी सपाट रेघ बघून कुणीतरी तोंडाला फडकं न बांधता पंप पाठीवर घेईल. कोळशाची धूळ आरशावर बसली की प्रकाश तसाच कमी होतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात पेटीच तापते. त्या दिवसांचे आकडे कसे वाचायचे तेही सांगा.

आणि एक गोष्ट आमच्या विरोधातली. तुमचा लेझर खाणीकडेच बघणार नाही, आमच्याकडेही बघेल. माझ्या केंद्रामागचा उकिरडा अमोनिया सोडतो, हे मला नाकालाच कळतं. जनावरं मिथेन सोडतात, तोही मुख्यतः ढेकरातून. उगीच लोक शेपटीला दोष देतात. फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवतात त्या रात्री आमच्याच धुराने आमचीच पोरं खोकतात. ग्रामसभेत मी हे बोलले तेव्हा दोघा-तिघांनी तोंड फिरवलं. फिरवू द्या. काटा लावायचा तर दोन्ही पारड्यांत माल पाहिजे. आमचा वाटा निघाला तर निघाला. पऱ्हाटी कुट्टी करून जमिनीत घालायचं यंत्र मागायला तरी आमच्याकडे आकडा असेल.

गेले दोन हिवाळे मी दुधाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानांवर नोंदी ठेवते. वेळ, वास, चुलीचा धूर कोणत्या दिशेला वळला, धुकं होतं की नाही. एक नमुना देते, म्हणजे अपेक्षा फार ठेवू नका: "पहाटे 4.50. धूर मावळतीकडे. काडीचा वास, जोरात. वासरू खोकतं. 6.40 ला कमी." जागलीवाले आता दूध घालायला येताना स्वतःहून सांगतात, "ताई, आज तीनलाच आला, लिहा." हे विज्ञान नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही पेटी कधी लावायची हे ठरवायला एवढं पुरेल. वही घेऊन जाऊ नका, फोटो काढा.

येताना खालच्या रपट्याने येऊ नका, पावसाळ्यात त्याचा काठ खचलाय. वरच्या कोळशाच्या रस्त्याने या, धूळ आहे पण गाडी अडकत नाही. केंद्रातली खोली रात्री आठनंतर पहाटे पाचपर्यंत रिकामी असते, बाज आहे, गोधडी आहे. वीज मी देते, पण थंडीत पहाटे लाईन हमखास जाते, नेमकी वास यायच्या वेळी, तेव्हा बॅटरी आणाच. आणि त्या विद्यार्थ्याला आणता आलं तर आणा. त्याची पावती अजून माझ्या गल्ल्यात आहे. मागच्या चित्रातला एक बाण मला अजून कळलेला नाही.

आपली,
दूध संकलन केंद्रवाली ताई